आधी वर्ग निवडा, मग कॉलेज

(पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या बारावी व पदवीच्या मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "टीचर, बीएड करू की डीएड?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: "जवळचं कॉलेज कुठलं?" पंचवीस वर्षं सरकारी प्राथमिक शाळांत काढली, काही पेडण्यात, काही डिचोलीत. त्यामुळे हे प्रश्न फोनवर येतात, बाजारात येतात, जत्रेच्या गर्दीतसुद्धा येतात. मी दर वेळी उलट विचारते, "तुला कुठल्या वर्गात उभं राहायचंय?" बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही. आईने सांगितलं म्हणून, मैत्रीण जातेय म्हणून, बस थेट मिळते म्हणून कॉलेज ठरलेलं असतं. वर्गाचा विचार दोन वर्षांनी, नोकरीची जाहिरात हातात आली की सुरू होतो. तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून आज तीन प्रश्न सांगते. कोणता वर्ग, कोणती भाषा, कोणतं राज्य. याच क्रमाने. कॉलेज चौथ्या नंबरवर.

पहिला प्रश्न: कोणता वर्ग?

शिक्षकाची पात्रता आपल्या देशात राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई, ठरवते. तिची २३ ऑगस्ट २०१० ची अधिसूचना आजही पाया आहे. त्यातलं सोपं करून सांगते.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीला ५० टक्के आणि त्यानंतर दोन वर्षांचा डीएलएड. ज्याला आपण अजून डीएड म्हणतो, तोच हा. राखीव गटांना गुणांत सूट आहे.

सहावी ते आठवीला पदवी हवी, आणि त्याबरोबर डीएलएड किंवा बीएड.

नववी-दहावीला पदवी आणि बीएड. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बीएड.

आता गोव्यातली एक खास गोष्ट. आपल्याकडे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते, पाचवीपासून मूल हायस्कूलात जातं. त्यामुळे पुष्कळ जणांना वाटतं की पाचवी म्हणजे हायस्कूल, म्हणजे बीएड चालेल. इमारत हायस्कूलची असली तरी एनसीटीईच्या हिशेबात पाचवी ही प्राथमिकच. हे लक्षात ठेवा.

मधली काही वर्षं या नियमात गोंधळ होता. २८ जून २०१८ ला एनसीटीईने बीएडवाल्यांनाही प्राथमिकला परवानगी दिली होती, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करण्याच्या अटीवर. तेव्हा घरोघर हेच बोललं जायचं: बीएड कर, खाली पण चालतं, वर पण चालतं. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्द केली. मग ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा खटल्यात तेच कायम केलं: प्राथमिक वर्गांसाठी बीएड ही पात्रता नाही. निकालाआधी रीतसर नेमलेल्यांना नंतर संरक्षण मिळालं. तुमच्यासारख्या नव्यांना ते नाही.

न्यायालयाने दिलेलं कारण मला शिक्षक म्हणून पटतं. बीएडमध्ये मोठ्या मुलांना विषय कसा शिकवायचा ते शिकवतात. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर कसं ओळखायला लावायचं, वजाबाकीत हातचा का घ्यावा लागतो हे खडे मांडून कसं दाखवायचं, हे डीएलएडमध्ये येतं. ही दोन वेगळी कामं आहेत. एक वरचं, एक खालचं, असं ते नाही.

माझ्या ओळखीतली एक मुलगी, साळ भागातली. मराठीत बीए, मग बीएड. डोक्यात एकच होतं, आपल्या गावच्या प्राथमिक शाळेत शिकवायचं. निकाल आला तेव्हा बीएडचं शेवटचं वर्ष चालू होतं. आज ती हायस्कूलात आठवीला मराठी शिकवते, कंत्राटी. चांगली शिकवते. पण गावच्या शाळेत जायचं तर आणखी दोन वर्षं डीएलएड करावं लागेल, आणि घरातून आता तेवढा वेळ द्यायला कोणी तयार नाही. ती काही चुकली नव्हती. तिने प्रवेश घेतला तेव्हा नियम तसाच होता. तुमच्यापुढे मात्र नियम स्पष्ट आहे, म्हणून सांगतेय.

आता बालवाडी. गावोगाव, शहरात, ऑनलाइन, सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स निघालेत. नर्सरी टीचर ट्रेनिंग, मोंतेसरी, अर्ली चाइल्डहूड. काही सामाजिक संस्था आणि कम्युनिटी कॉलेजंही असे कोर्स चालवतात. त्यांना नावं ठेवत नाही. तीन ते सहा वयाच्या मुलांबरोबर काम करायचं असेल तर त्यातून खूप शिकता येतं. पण त्या कागदावर पहिली ते पाचवीची सरकारी किंवा अनुदानित नोकरी मिळत नाही. फी भरायच्या आधी तोंडावर विचारा, "या कोर्सवर मी पहिलीला शिकवायला पात्र होते का?" उत्तर लांबण लावून आलं, तर समजून जा.

हायस्कूलात जायचं ठरलं तर विषय बघा. हे डिचोली-पेडण्यातल्या मुलांना मुद्दाम सांगते. डिचोलीत सर्वणला झांट्ये कॉलेज आहे, ते वाणिज्याचं. विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी कॉलेज आहे, कला आणि वाणिज्य. जवळ आहे म्हणून पुष्कळ जण बीकॉम करतात आणि नंतर म्हणतात, बीएड करून शिक्षक होतो. सहावी ते दहावीच्या वेळापत्रकात वाणिज्य नावाचा तास असतो का? नसतो. बीकॉम झालेल्याला ते कामी येतं अकरावी-बारावीला, आणि तिथे एमकॉम लागतं. बँकेत, हिशेबात, धंद्यात बीकॉमला मान आहेच. पण शिक्षकच व्हायचं असेल तर बारावीनंतर थांबून विचार करा. गणित-विज्ञान आवडत असेल तर साखळीच्या सरकारी कॉलेजात विज्ञान आहे, म्हापशाकडे आहे. अर्धा तास जास्त प्रवास आहे, पण पुढची तीस वर्षं त्यावर उभी आहेत.

चार वर्षांच्या एकात्मिक कोर्सबद्दलही विचारतात, आयटीईपी. बारावीनंतर थेट बीए-बीएड, बीएससी-बीएड किंवा बीकॉम-बीएड. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता हीच चार वर्षांची पदवी व्हावी. प्रवेशासाठी देशपातळीवर एनसीईटी परीक्षा असते. बारावीतच मनाशी पक्कं झालं असेल तर हा रस्ता चांगला, कारण तीन अधिक दोन अशा पाच वर्षांऐवजी चार लागतात. पण तो टप्प्यांत वाटलेला आहे: फाउंडेशनल, प्रिपरेटरी, मिडल, सेकंडरी. ज्या कॉलेजात जाल तिथे कोणता टप्पा चालतो ते विचारल्याशिवाय अर्ज करू नका. एक वर्षाचा बीएड परत येणार असंही ऐकलं असेल. एनसीटीईने २०२५ मध्ये तसा मसुदा काढला. तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर झालेल्यांसाठी आहे. मसुद्याच्या भरवशावर वर्ष वाया घालवू नका, जे आज चालू आहे त्यावर ठरवा.

दुसरा प्रश्न: कोणती भाषा?

आपल्या दोन तालुक्यांत हा प्रश्न नाजूक आहे, म्हणून सरळच बोलते.

पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलं. ज्याला नव्या काबिजादी म्हणतात, त्यातले आपण. घरात आपली कोकणी, देवळात भजन मराठीत, जमाखर्च मराठीत, पोथी मराठीत. विर्नोड्याच्या कॉलेजाला ज्या सोहिरोबानाथांचं नाव आहे, ते पलीकडच्या बांद्याचे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांची सोयरी आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९६१ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, बहुतेक मराठी. प्रशिक्षित माणसं इथे पुरेशी नव्हती म्हणून महाराष्ट्रातून शिक्षक आले, आपल्याकडे भाड्याने राहिले, काही इथलेच झाले. तुमच्या आजी-आजोबांना अशा एखाद्या मास्तरांचं नाव नक्की आठवत असेल.

पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी कामकाजात वापर करता येईल अशी तरतूद राहिली. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर माध्यम कोकणी किंवा मराठी ठेवावं. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची वाट उघडली. त्यावरून केवढं रण माजलं ते तुमच्या पालकांना विचारा. मी आज त्या वादात जात नाही. तुमच्या कोर्सवर त्याचा काय परिणाम होतो तेवढं सांगते.

एक: गोवा सरकारच्या नोकरीच्या जाहिरातीत साधारण हे वाक्य असतं, कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान इष्ट. आपल्याला कोकणी बोलता येते, म्हणून आपण निश्चिंत असतो. परीक्षेत ती लिहावी लागते. देवनागरी कोकणी वाचायचा-लिहायचा सराव आजपासून करा. मराठीवर प्रेम आहे म्हणून कोकणी लिहायची नाही, या हट्टाने मराठी शाळेला एकही शिक्षक मिळत नाही. उलट मराठी शाळेत जाऊ शकणारा आपला माणूस परीक्षेतच गळतो.

दोन: शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी. पहिल्या पेपरात १५० गुण, पाच भाग, प्रत्येकी ३०: बालमानसशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. म्हणजे १५० पैकी ६० गुण निव्वळ भाषांचे. उत्तीर्ण व्हायला खुल्या गटाला ९० लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. केंद्राच्या सीटीईटीत निवडायला २० भाषा आहेत. त्यांत मराठी आहे, कोकणी नाही. म्हणजे सीटीईटीला बसणाऱ्या आपल्या मुलाचे हक्काचे ३० गुण मराठीत आहेत. ते इंग्रजीच्या भीतीने किंवा हिंदीच्या सवयीने सोडू नका. २०२१ पासून टीईटीचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं, आधी सात वर्षांचं होतं. तेव्हा कोर्स चालू असतानाच ती काढून ठेवा. आणि टीईटी कशी तरी टाळता येईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या शिक्षकांनासुद्धा दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितलं. माझ्या वयाच्या बायका आता रात्री पुस्तकं घेऊन बसतात. तुम्ही तर वीस वर्षांचे.

तीन, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठं: वर्गातली भाषा. पहिलीतलं मूल येतं ते "माका" म्हणत येतं. पुस्तकात "मला" असतं. बाहेरच्या शिक्षकाला वाटतं, मूल चुकतंय. तो त्याला दुरुस्त करतो, एकदा, दोनदा, दहादा. अकराव्यांदा मूल बोलायचंच बंद होतं. आपल्यातल्या शिक्षिकेला माहीत असतं की मूल बरोबरच बोलतंय, फक्त घरचं बोलतंय. ती आधी "माका"मध्ये गोष्ट सांगते, मग फळ्यावर "मला" लिहिते. दोन महिन्यांत मूल दोन्ही बोलतं. शिक्षण हक्क कायदाही म्हणतो की शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. हे काम करायला दोन्ही भाषा पोटातून आलेला माणूस लागतो. पेडणे-डिचोलीत तो माणूस तुम्ही आहात.

म्हणून कोर्स निवडताना विचारा: सराव पाठ कोणत्या भाषेत घ्यायला मिळतील? मराठी अध्यापन पद्धती हा विषय आहे का, की यादीत आहे आणि शिकवायला कोणी नाही? पाठ टाचण मराठीत लिहिलं तर तपासणारं माणूस आहे का? वर्गात सगळं इंग्रजीत ऐकायचं, परीक्षा इंग्रजीत द्यायची, आणि नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवशी मराठीत शिकवायचं, असं झालं तर पहिली दोन वर्षं फळ्यापुढे चाचपडत जातात.

तिसरा प्रश्न: कोणतं राज्य?

हा प्रश्न पणजीतल्या मुलाला पडत नाही. पत्रादेवीच्या, तोरसेच्या, लाटंबार्सेच्या, साळच्या मुलाला पडतो. मामाचं घर दोडामार्गात, आत्या बांद्याला, मग वाटतं, डीएलएड तिकडे करावं. करता येतं, पण हिशेब करून.

एनसीटीईची मान्यता देशभर धरली जाते. मान्यताप्राप्त संस्थेतून तुम्ही सिंधुदुर्गात डीएलएड केलं तर गोव्यात तो कागद फुकट जात नाही. पण नोकरी फक्त त्या कागदावर लागत नाही. गोव्यात सरकारी नोकरीला साधारणपणे १५ वर्षांचा रहिवास लागतो आणि कोकणी लागते. महाराष्ट्रात डीएलएडचे प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत केंद्रीय पद्धतीने होतात, बीएडला सीईटी असते, आणि भरतीला टीईटीशिवाय अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल, तिथले दाखले असतात. म्हणजे शिकायला तिकडे आणि नोकरीला इकडे हे जमतं. शिकायला इकडे आणि नोकरीला तिकडे हे रहिवास दाखल्यावर अडतं.

आणखी एक गैरसमज. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने काही सवलती ठेवल्या आहेत. आपल्यातल्या काही जणांना वाटतं, आपणही सीमेवर राहतो, आपल्यालाही त्या मिळतील. गोव्यातली गावं त्या यादीत नाहीत. तिकडची जी मुलं हे वाचत असतील त्यांनी मात्र त्या सवलतींची सध्याची अट कोणती, ते आधी तपासावं आणि दाखले बारावीच्या सुट्टीतच काढून ठेवावेत.

लग्न करून सीमा ओलांडणाऱ्या मुलींनी हे जास्त नीट बघावं. माहेर पेडण्यात, सासर सावंतवाडीत, आणि दाखला दोन्हीकडचा अर्धा, अशा मुली मी बघितल्या आहेत. मामलेदार कचेरीत एक फेरी आज मारलेली बरी.

आता कॉलेज

तीन उत्तरं मिळाली की कॉलेजांची यादी आपोआप छोटी होते. प्राथमिकला जायचं ठरलं तर गोव्यात पहिलं नाव पर्वरीच्या डाएटचं, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. सरकारी आहे. हायस्कूलला जायचं ठरलं तर पणजीत आल्तिनोला निर्मला इन्स्टिट्यूट आहे, फोंड्यात डॉ. दादा वैद्य शिक्षण महाविद्यालय आहे, आणखीही आहेत. मी कोणाची जाहिरात करत नाही. कुठेही जा, पण पुढच्या गोष्टी बघून जा.

एनसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि मंजूर जागा, तिन्ही जुळवा. नाव आहे पण दुसऱ्याच कोर्सला मान्यता आहे, असं होऊ शकतं.

हजेरी विचारा. नियमाप्रमाणे वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के लागते. बीएडमध्ये दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात. केरीहून किंवा मेणकुऱ्याहून रोज जाऊन-येऊन ९० टक्के कसे भरणार, याचा विचार आधी करा. पहिली बस किती वाजता, चुकली तर दुसरी किती वाजता, पावसात काय. हॉस्टेल किंवा नातेवाइकाकडे राहायची सोय लागत असेल तर घरात ते प्रवेशाआधी बोला. मधे सोडलेला कोर्स सगळ्यांत महाग पडतो.

इंटर्नशिपच्या शाळा कोणत्या, ते विचारा. शहरातल्या मोठ्या शाळेत चाळीस मुलांचा एकेक वर्ग मिळतो. आपल्या गावातल्या शाळेत चार वर्ग एका खोलीत, एक शिक्षक, पंधरा मुलं. पहिलीला गोष्ट चालू असताना चौथीला भागाकार द्यायचा असतो. त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि ते केल्याशिवाय येत नाही. शक्य असेल तर आपल्या तालुक्यातली शाळा मागून घ्या. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. नाही म्हणाले तर नुकसान काहीच नाही.

आणि जे "यायची गरज नाही, परीक्षेपुरतं या, डिग्री आमच्याकडे लागली" असं सांगतात, त्यांच्यापासून लांब राहा. परराज्यातल्या कॉलेजांचे एजंट आपल्याकडे फिरतात. खाण बंद झाल्यावर, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये, डिचोलीत किती घरांचे ट्रक दारात उभे राहिले, ते तुम्ही लहानपणी बघितलंय. त्या घरांत मुलीच्या शिक्षणाला ठेवलेले पैसे मोजके असतात. ते अशा माणसाच्या हातात देऊ नका. हजेरीशिवायचा बीएड पडताळणीत टिकत नाही. इग्नूचा मुक्त बीएडही सगळ्यांसाठी नाही, तो आधी प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांसाठी आहे.

नोकरी आहे का?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि विचारायलाच हवा. मी खोटी आशा दाखवणार नाही. गावातल्या मराठी प्राथमिक शाळांचे पट घसरलेत. काही शाळा शेजारच्या शाळेत विलीन झाल्या, काहींच्या दाराला कुलूप आहे. जागा निघतात त्या एकदम, मग बराच काळ नाहीत. मधल्या वर्षांत कंत्राटी, तासिकेवर, खासगी शाळेत कमी पगारावर काम करावं लागतं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून दहावी-बारावीच्या मुलाला तिथे महिन्याच्या महिन्याला पगार दिसतो. किनाऱ्यावर हॉटेलं आहेत. दोन वर्षं शिकून मग वाट बघायची, हे प्रत्येक घराला परवडत नाही. ज्याला परवडत नाही त्याने शिक्षक झालं नाही तर तो कमी ठरत नाही.

पण शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितलेत. शाळा चालू राहील तोवर त्या जागा आहेत, आणि निवृत्त होणाऱ्या माझ्या पिढीच्या जागा रिकाम्या होतायत. त्या भरायची वेळ येईल तेव्हा योग्य कागद, टीईटी आणि लिहिता येणारी कोकणी ज्याच्या हातात असेल त्याचाच अर्ज पुढे जाणार. मराठी शाळा वाचवायच्या म्हणून आपण सभा घेतो, निवेदनं देतो, ते करायलाच हवं. पण पटावर मूल आणि फळ्यासमोर शिकलेला माणूस, या दोन गोष्टी नसतील तर निवेदनाला कोणी विचारत नाही. चांगली शिक्षिका आली म्हणून इंग्रजी शाळेतून मूल काढून गावच्या मराठी शाळेत घातलेले पालक मी पाहिलेत. त्यांनी कुठलं भाषण ऐकून ते केलं नव्हतं. शेजारच्या मुलाला दुसरीत घडाघडा वाचताना ऐकलं, म्हणून केलं.

आता घरी गेल्यावर एवढं करा. वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा: मला कोणत्या वर्गाला शिकवायचंय, कोणत्या भाषेत, कोणत्या राज्यात. मग पुढच्या आठवड्यात जवळच्या प्राथमिक शाळेत जा, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, आणि एक दिवस मागच्या बाकावर बसून राहा. पूर्ण दिवस, प्रार्थनेपासून घंटेपर्यंत. दुपारी कंटाळा आला, मुलांचा आवाज नकोसा झाला, तर तेही त्या पानावर लिहा. कोर्सची फी भरण्याआधी कळलेलं बरं. आणि एखादं मूल तुमच्या मांडीला खेटून पुस्तक दाखवायला आलं आणि तुम्हाला उठावंसं वाटलं नाही, तर तेही लिहा.

ते पान घेऊन मग माझ्याकडे या. कॉलेज कुठलं, ते आपण दोघं बसून ठरवू.